तसबिरीतली आई

टेबलावर नव्या चित्रपटाचे पोस्टर उलगडले, तेव्हा नायकाची आई झालेल्या कुमुदताईंनी सवयीने आधी स्वतःचा चेहरा शोधला. नायकाची छबी हातभर मोठी होती. नायिकेच्या लाल शालूने नजर खेचून घेतली. त्या दोघांमागे भिंतीवर, चंदनी हार घातलेल्या तसबिरीत, कुमुदताई होत्या.

"म्हणजे आई सुरुवातीलाच मेली?"

दिग्दर्शक चाचरला. "ताई, लांबी फार वाढली होती. कोर्टातला प्रसंग कापावा लागला. पण पोस्टरवर आहात ना तुम्ही!"

त्या एका प्रसंगासाठीच त्यांनी आजारपणातून उठून भूमिका स्वीकारली होती. आता संताप यावा, निदान रडू तरी यावे. आले काहीच नाही.

"हार फिकट आहे," त्या म्हणाल्या. "झेंडूचा करा, पिवळाधमक. आई गेली आहे, हे रस्त्यापलीकडून कळलं पाहिजे."