रक्ताची चुगली

"परवापासून साखरेचा कण तोंडात गेलेला नाही यांच्या," कुमुदताईंनी डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं. शेजारी अच्युतराव गरीब चेहरा करून बसले होते. साखर वाढलेली निघाली तर इन्सुलिन सुरू होणार होतं आणि सुईला ते लहान मुलासारखे भ्यायचे.

"परवाचं कोण विचारतंय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटते आणि तांबडी पेशी जगते तोवर सुटत नाही. किती टक्के हिमोग्लोबिनला ती चिकटली, ते एचबीएवनसी ही तपासणी सांगते. म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज."

"थोडक्यात, रक्त चुगलखोर," अच्युतराव पुटपुटले.

त्यांचा आकडा साडेसहा निघाला. इन्सुलिन टळलं. कुमुदताईंनी पदर सावरला, कारण श्रेय त्यांचंच होतं. लग्न असो की बारसं, नवऱ्याच्या पानात पडलेली जिलबी त्या पडल्यापडल्या उचलत.

"आता तुमचा," डॉक्टरीणबाईंनी दुसरा कागद उघडला. नवऱ्याला सोबत म्हणून कुमुदताईंनीही रक्त दिलं होतं. "साडेनऊ."

"अगं, तू तर गोड वाढूनसुद्धा घेत नाहीस," अच्युतराव म्हणाले.

"नाहीच घेत. पण तुमच्या पानातलं काढलेलं टाकून द्यायचं का? अन्न आहे ते."

एरवी अच्युतराव या विजयावर वर्षभर जगले असते. पण त्यांनी बायकोचा कागद आपल्याकडे ओढून घेतला. "उद्यापासून तुझं पान मी सांभाळतो."

"सांभाळा की," कुमुदताई म्हणाल्या. "फक्त त्यातलं काढलेलं कुठे ठेवणार, ते आधी डॉक्टरांसमोर सांगा."