राहिलेली पायरी

पावणे गावातल्या एका कारखान्यात रावसाहेब बावीस वर्षं बॉयलर चालवत होते. एक दिवस मॅनेजर म्हणाले, "काका, बॉयलर पेटवायची सगळी पद्धत पायरी-पायरीने लिहून द्या. पुढच्या महिन्यापासून नवीन आलेली क्रांती बघेल." मग माझं काय, हे विचारायचा रावसाहेबांना धीर झाला नाही. त्यांनी अकरा पायऱ्या लिहून कागद दिला.

सोमवारी त्यांना सुट्टी होती आणि क्रांती पहिल्यांदाच एकटी बॉयलर पेटवणार होती. घणसोलीतल्या खोलीत चहा पिताना त्यांची नजर सारखी घड्याळाकडे जात होती. पेटवण्याआधी पाण्याची पातळी बघायची, हे कागदावर नव्हतं. पाणी कमी असलं तर बॉयलर फुटू शकतो. त्यांनी फोन लावला, ती उचलेना. चहा तसाच टाकून त्यांनी रिक्षा पकडली.

क्रांती कागद हातात धरून बॉयलरसमोर उभी होती. बॉयलर थंड होता.

"पाण्याचं यात कुठेच दिसलं नाही, म्हणून पेटवलाच नाही," ती म्हणाली. "घाईत विसरलात ना, काका?"

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही गं," रावसाहेब म्हणाले, "विसरलो नव्हतो."