दाताचे डॉक्टर

बाळ झाल्यापासून पायलचं रडू थांबत नव्हतं. तिला काउन्सेलरकडे पाठवायला राकेश कसाबसा तयार झाला, पण बजावून म्हणाला, "आईला दाताच्या डॉक्टरांकडे जाते म्हणून सांग. नाहीतर वेडी ठरशील."

दर शनिवारी बाळाला मांडीवर घेताना सासूबाई टोमणा मारायच्या, "दात एक आणि खेपा किती गं तुझ्या?"

आज पायल विश्रांतवाडीच्या काउन्सेलरकडून परतली, तेव्हा त्या बेसिनपाशी आपली कवळी धूत होत्या. हॉलमध्ये बसलेल्या राकेशला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी नळ मोठा सोडला आणि बोळक्या तोंडानं म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी मलाही ने तुझ्या त्या डॉक्टरांकडे. राकेश झाला तेव्हापासून दुखतंय."