फाटकातली व्हॅन

“अगं, फाटकातच काय लावलीस गाडी? काढ आधी!”

मिस्त्रींच्या बायकोने पायरीवरूनच आवाज दिला. पांढरी व्हॅन बरोब्बर फाटकात अडकून उभी होती आणि बॉनेटखालून वाफ निघत होती. आतून तिशीची एक बाई उतरली. बाह्या वर सारलेल्या, चेहरा कसनुसा.

“हलतच नाही हो काकू. इंजिनाला पाणी जातं ना, तो पाइप गळतोय. नवा आहे माझ्याकडे. बसवते आणि निघते.”

“तू बसवणार? याआधी कधी बसवलायस?”

“व्हिडिओ बघितलाय ना.”

बायकोने कपाळाला हात लावला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. चार वाजता मिस्त्रींना बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या होत्या. या तिसऱ्या. पहिल्या दोघींना मिस्त्रींनी पळवून लावलं होतं. एकीने चित्रांचे पत्ते समोर धरून “हे काय? मांजर! म्हणा, मांजर!” असं केलं, तेव्हा सगळे पत्ते अंगणात उडाले. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस, तो कशाला मांजर म्हणेल?

पण डॉक्टरांनी बजावलं होतं. अर्धांगाच्या झटक्यानंतरचे पहिले सहा महिने मोलाचे. शब्द आत आहेत, ते बाहेर यायला हवेत. पाच महिने सरले होते आणि मिस्त्रींच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. लेकीने खूप खटपट करून या बाई ठरवल्या होत्या, आणि आता ऐन वेळी फाटकच बंद. आल्या पावली परत गेल्या तर?

मिस्त्री अंगणात खुर्चीवर बसले होते, हातात काठी. व्हॅनकडे बघायचंच नाही असं ठरवल्यासारखे ते भिंतीकडे बघत होते.

बाईने बॉनेट उघडलं आणि हात सरळ रेडिएटरच्या झाकणाकडे नेला. काठी फरशीवर खाडकन आपटली.

“काय झालं काका?”

“अगं, भाजशील की!” बायको म्हणाली. “गरम असताना ते झाकण उघडायचं नसतं. आणि त्यांना विचारू नकोस गं, त्यांना बोलता येत नाही.”

“बरं,” बाई म्हणाली आणि पुन्हा त्यांच्याकडेच वळली. “मग किती वेळ थांबू काका?”

मिस्त्रींनी तळहात दाखवला. ती थांबली.

गाडी निवली तशी ती स्क्रूड्रायव्हर घेऊन वाकली आणि पाइपची क्लिप सैल करायची तर आणखी आवळत बसली. मिस्त्रींची मान आता भिंतीकडून पुरती वळली होती. कशीबशी क्लिप निघाली, तर खाली भांडंच नाही! हिरवं कुलंट भळाभळा अंगणभर. बायको घमेलं आणायला धावली. मग फडकं. मग नवा पाइप सरकवायला साबणाचं पाणी. या बयेला दर वेळी काहीतरी हवंच असे, आणि ते नेमकं घरातच असे.

साबणाचं पाणी घेऊन बायको बाहेर आली, तर खुर्ची रिकामी. मिस्त्री काठी टेकत व्हॅनपाशी जाऊन उभे होते, चेहरा लालबुंद. बाई नवा पाइप दाबून बसवत होती आणि दोन्ही क्लिपा तशाच बाजूला पडल्या होत्या.

“क्... क्...”

“अगं, त्यांना म्हणायचंय की...”

“एक मिनिट हं काकू.” बाईची घाई एकाएकी कुठे गेली कोण जाणे.

“क्लिप!” मिस्त्री ओरडले. “आधी... क्लिप!”

बायकोच्या हातातलं भांडं खाली पडलं.

“काय म्हणालात काका? परत सांगा.”

“आधी! घाल... आधी! गाढवे!”

बायको त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. रडावं की हसावं तिला कळेना.

“अहो, मी इतके महिने एक हाक ऐकायला जीव टाकतेय, आणि तुमचा पहिला शब्द काय, तर क्लिप?”

मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या तोंडाचा एकच कोपरा हलत होता, पण हसू पूर्ण होतं.

मग काय, गॅरेज सुरूच झालं. “सैल.” “पुरे.” “कुलंट.” थंडीतलं जुनं इंजिन खाकरत सुरू व्हावं तसा एकेक शब्द येत होता. बाई प्रत्येकासाठी हात थांबवून उभी राही. शेवटी इंजिन सुरू झालं, तेव्हा मिस्त्रींनी झाकण लावू दिलं नाही. “हवा,” ते म्हणाले. पाइपातली हवा बुडबुडत निघून गेली. खाली एक थेंब पडला नाही.

सव्वाचार झाले. बायकोने गल्लीत डोकावून बघितलं. कुणीच नव्हतं. तिने लेकीला फोन लावला.

“अगं, तुझ्या त्या बाई काही आल्याच नाहीत. फाटक अडलेलं बघून परत गेल्या असतील. जाऊ देत! तुझे बाबा बोलले, अगं! एक वेंधळी बाई गाडी घेऊन आलीय, तिच्यावर काय ओरडले म्हणून सांगू!”

पलीकडे लेक रडत होती की हसत होती, कळेना.

तेवढ्यात ती वेंधळी बाई हात पुसत जवळ आली. काखेत एक वही होती.

“पहिल्याच तासाला आठ शब्द, काकू. ‘गाढवे’ धरून,” ती हळूच म्हणाली. “उद्याही येते. गाडीत आणखी काय बिघडवून आणू, तेवढं काकांच्या नकळत सुचवा.”