रस्त्याची पाठ

"दाताळं नको," सुतार म्हणाला. "वरवर खडी विंचरली जाईल, खड्डे तसेच. टकलावर कंगवा फिरवून काय उपयोग?"

साडूने स्वतःच्या टकलावरून हात फिरवला आणि खो खो हसला. "बोला, साडूबुवा, बोला. आज तुमचा दिवस."

दुकानामागच्या आवारात ट्रॅक्टरला जोडायची अवजारं रांगेने मांडली होती. सख्ख्या बहिणींचे हे दोघे नवरे एकाच ट्रॅक्टरवरून आले होते. ट्रॅक्टर साडूचा, चालवणारा साडू, आणि सुतार शेजारी मडगार्डवर. दोघांच्या जागांच्या मधून खडीचा रस्ता जात होता. अलीकडे सुताराचा लाकडाचा कारखाना, पलीकडे साडूची कोंबड्यांची शेड. रस्ता मधेच खचलेला, त्यामुळे पावसाचं पाणी वाट फुटेल तिकडे शिरायचं. कधी याच्या फळ्यांत, कधी त्याच्या पिल्लांत. शेवटी दोघांनी मिळून अवजार घ्यायचं आणि रस्त्याला पाठ काढायची असं ठरलं. पाठ म्हणजे मधे उंच आणि दोन्ही कडांना उतार. अर्धं पाणी तुझ्या बाजूला, अर्धं माझ्या. कटकटच नको.

"हे पेटीचं पातं बघा," दुकानदार म्हणाला. "पुढचे दात खड्डा उकरतात, मागची पेटी खडी ओढून भरते."

"सपाट झकास करेल. पण आम्हाला पाठ हवी."

"मग हे साधं पातं घ्या. एकदा पिन घालून तिरकं केलं की पुन्हा हात लावायचा नाही. जाताना रस्त्याची ही कड उतरती होते. परत येताना ट्रॅक्टरचं तोंड फिरलेलं असतं, म्हणून ती कड उतरती होते. मधली पाठ आपोआप उभी राहते."

सुतार खूश झाला. रंध्याचं पातं पारखावं तसा त्याने लोखंडाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "घेऊन टाकू. काय साडूबुवा?"

"थांबा हो," साडू दुकानदाराकडे वळला. "परत येताना उतार फिरायला नको असेल तर?"

"म्हणजे जातानाही त्याच बाजूला आणि येतानाही? मग दर वळणाला खाली उतरून पिन बदलत बसा. नाहीतर परवा तुम्ही बघून गेलात ते घ्या की. बसल्या जागी दांडा ओढला की पातं उलटं कलतं. पण तेव्हाच सांगितलं होतं, पाठ नाही राहायची. सगळा रस्ता एकाच अंगाला उतरणार, पत्र्याच्या छपरासारखा."

साडूने जीभ चावली. पण उशीर झाला होता.

"परवा?" सुतार म्हणाला. "परवा तर तुम्ही औषध आणायला गेला होतात. आमच्याकडूनच पिशवी घेऊन."

"जाता जाता डोकावलो, एवढंच. त्यात काय एवढं?"

"कुठल्या बाजूला?"

"काय कुठल्या बाजूला?"

"उतार, साडूबुवा. सगळा रस्ता एका अंगाला, तो कुठल्या?"

दुकानदाराला वातावरण कळलं असावं. तो उगाचच एका रोलरवरची धूळ फडक्याने पुसू लागला. साडूने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मग आवाज एकदम मऊ केला.

"हे बघा, तुम्ही समजूतदार आहात म्हणून बोलतो. माझ्याकडे जिवंत जीव आहेत. एक सर आली की पिल्लं पटापटा मरतात. तुमचं काय, लाकूड आहे. भिजलं तर वाळतं."

सुताराला ते झोंबलं. भिजलं तर वाळतं! अहो, फळी एकदा वेडीवाकडी फुगली की ती सरपणाला जाते, हे शेंबडं पोर सांगेल. आणि हे सांगणारा माणूस कोण, तर त्याच्या कारखान्यात रोज चहाला येऊन बसणारा. गेल्या पावसात शेडमध्ये पाणी भरलं तेव्हा सुताराने आपल्या वाळवलेल्या फळ्यांची थप्पी लावून दिली होती, आणि साडूच्या पिल्लांच्या सगळ्या टोपल्या त्या थप्पीवर चढवल्या होत्या. फळ्या घाणीने बरबटल्या, तरी हूं की चूं केलं नव्हतं. उलट साडू रडकुंडीला आला तेव्हा यानेच त्याला धीर दिला होता.

"पिल्लं माझ्या फळ्यांवर बसून वाचली होती," तो म्हणाला.

"म्हणजे काय! मी कुठं नाही म्हणतोय? तुमचे उपकार जन्मात विसरणार नाही."

"आणि माझे अर्धे पैसे घेऊन माझ्याच अंगणात पाणी सोडणार होता. मला कळू न देता."

साडू टकलावरून हात फिरवू लागला. सुताराचे डोळे भरून आले आणि त्याचा त्यालाच राग आला. घरी बायको वाट बघत असेल, बहिणीच्या नवऱ्याबरोबर गेलाय म्हणजे काम चोख होणार म्हणून. तिला आता काय सांगायचं?

दुकानदाराला गप्प राहणं काही जमेना. "दाखवू का चालवून?" म्हणत त्याने त्या परवाच्या पात्याचा दांडा ओढलाच. पातं सावकाश कललं आणि त्याचा एक कोपरा सुताराच्या पायाशी येऊन जमिनीला टेकला.

साडू जवळ आला. त्याने सुताराच्या पाठीवर हात ठेवला आणि थोपटलं. "मनावर नका घेऊ हो. आपल्यात काय?"

सुताराने हात झटकला नाही. तो त्या टेकलेल्या कोपऱ्याकडे पाहत राहिला.

"एवढी पाठ तरी कशाला ठेवता?" तो म्हणाला. "हिच्यावरूनही पातं फिरवा एकदा."