सत्ताविसावा फॉर्म

पीएचडीच्या मुलाखतीत मॅडमनी माझा एमएचा प्रबंध उघडला. पाणीटंचाईच्या त्या सर्वेक्षणाचे तीसपैकी शेवटचे पाच फॉर्म मी गावात न जाता हॉस्टेलवर बसून मनानेच भरले होते.

“या सत्ताविसाव्या फॉर्ममधल्या गिरजाबाई,” मॅडम म्हणाल्या, “‘पाणी आणता आणता माहेरची वाट विसरले’ म्हणतात. हे वाक्य माझ्या डोक्यातून जातच नाही. पीएचडीची सुरुवात त्यांच्यापासूनच कर. मलाही भेटायचंय त्यांना.”

खरं सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “त्या गेल्या वर्षी वारल्या, मॅडम.”

मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले.

“माझं नवं पुस्तक त्यांनाच अर्पण केलंय,” त्या हळूच म्हणाल्या. “तुझ्याकडे त्यांचा एखादा फोटो असेल ना?”