मास्तरांचं शास्त्र

बहात्तरच्या दुष्काळात बनुबाईचा नवरा गेला. "कावळ्याला आत्मा कळत नाही, भूक कळते. यंदा तर पिंडावर झडपच घालतील," असं विष्णुपंत मास्तर तिला सुतकातच समजावून गेले.

दहाव्याला पुणतांब्याच्या घाटावर पिंड मांडला. झाडभर कावळे, पण शिवेना एकही. "दादाचा जीव अडकलाय," म्हणत दिरानं पोरीच्या लग्नाचा, अर्धी विहीर पुरी करायचा, नाही नाही ते शब्द दिले. मास्तर तर पार चक्रावले.



बनुबाई त्यांच्याजवळ सरकून हळूच म्हणाली, "तुमचं शास्त्र खरं निघालं, मास्तर. दुष्काळी कामावरची समदी सुकडी मी पहाटंच हितं कावळ्यांला चारली. जलमभर मला उपाशी निजवलं त्यानं, आता ऱ्हाऊ दे तसाच अडकून!"